गोधडीचं पोट

आषाढात यवतला पाऊस येत नाही, वारा येतो. पाऊस घाटाजवळच कुठंतरी मुक्काम ठोकतो आणि पुढं नुसता वारा धाडून देतो. मग दोरीवरचा टॉवेल शेजारच्या शेवग्यावर सापडतो, पत्र्यावरचे दगड वाढवावे लागतात, आणि हायवेच्या ढाब्यावर कुणी भजी तळली की वास थेट अकिलाच्या अंगणात येऊन बसतो.

असल्या वाऱ्यात अंगणात गोधडी पसरून बसू नये, हे कुणीही सांगेल. पण अकिलाची मुलगी सना दुसऱ्या दिवशी सकाळी पाबळला निघणार होती. तिथं वर्षभर राहून वेल्डिंगपासून विजेच्या कामापर्यंत सगळं ती हातानं करायला शिकणार होती. आणि हॉस्टेलवर जाणारी पोर विकतचं ब्लँकेट घेऊन जाणार, हे शेजारच्या तुळजाबाईंना अजिबात मान्य नव्हतं.

"ब्लँकेट?" त्या म्हणाल्या होत्या. "त्यात मानूस निजतंय का शॉक खातंय? नुसतं चटचट वाजतंय, आन् क्यास उभं ऱ्हात्यात. पोरीला गोधडी पायजे. साड्या काढ."

तुळजाबाईंना सगळी आळी आक्का म्हणे. सत्तरी ओलांडली तरी सुईत दोरा ओवायला त्यांना कुणाची मदत लागत नसे. त्यांची सून नीलम त्यांच्या हाताखाली तयार झालेली. सासू-सून शिवत आणि अकिला वाचत असे. ही वाटणी फार जुनी होती. पहिल्या दिवशी अकिलाही हौसेनं सुई घेऊन बसली होती. आक्कांनी तिचे चार टाके पाहिले आणि सुई काढून घेतली.

"ह्या टाक्यात उंट निजंल बाई, पाय पसरून. तू आपली पुस्तक वाच."

अकिलाला ते लागलं नाही असं नाही. पण वाचायला मिळणार म्हटल्यावर ती विसरलीही लवकर. तेव्हापासून दुपारची भांडी झाली की तिघी कडुनिंबाखाली बसत. अकिलाचा आवाज मोकळा, आणि वाचताना ती माणसांचे आवाज बदले. आक्का स्वतः एसटीच्या पाट्यांपलीकडं काही वाचत नसत, पण ऐकायची भूक अशी की मधे कुणी हाक मारली तर ओ देत नसत.

गोष्टीचा परिणाम शिवणीवर होई. गोष्टीत रडारड असली की टाके बारीक आणि जवळजवळ पडत. भांडण लागलं की लांब पडत. नीलमनं एकदा सासूलाच गोधडीची एक रांग दाखवली होती. "आत्या, ही बघा, सावकाराच्या वाड्याला आग लागली तवाची रांग." आक्कांनी रांग पाहिली, टाके खरंच लांबलेले होते, आणि त्या म्हणाल्या, "ती तूच घातली असशील."

नीलमचं अर्धं लक्ष झाडावर असे. कुंपणाच्या भिंतीवर तिनं पाण्याचं परळ ठेवलं होतं, आणि शिवताना उरलेली दोऱ्याची टोकं ती मेंदीच्या कुंपणावर अडकवून ठेवी. एक बुलबुल येऊन ती घेऊन जाई. लाल दोरा त्याला आवडत नसे, पांढरा पाहिजे असे. सातभाईंचा थवा तर रोजचाच. ते पक्षी आले की जमिनीवर उड्या मारत एकमेकांवर असे ओरडत की अकिलाला वाचन थांबवावं लागे. फिरोज, अकिलाचा नवरा, कुरकुंभच्या कंपनीत पहिल्या पाळीला जाई आणि साडेतीनच्या सुमारास घरी येई. आला की दारातूनच म्हणे, "झाडाखाली सातभाई बसलेत का?"

"बसल्यात," आक्का म्हणत. "आठवा आला."

त्या दिवशीचं पुस्तक होतं होडीवालीचं. त्याला खरं नाव असणार, पण वरचं पान केव्हाच गेलेलं आणि वाचनालयानं वरून खाकी पुठ्ठा चढवलेला. गोष्ट होती गिरिजाची. नदीवर होडी चालवणारी बाई, आणि त्याच नदीवर सरकार पूल बांधत होतं. पूल झाला की होडी संपली. आणि पूल बांधणारा साहेबच तिला लग्नाचं विचारत होता. आठवडाभर तिघींच्या जेवणातसुद्धा गिरिजा होती. नीलमचं म्हणणं, ती साहेबाशी लग्न करणार. आक्कांचं म्हणणं, बुडणार. हरेल तिनं सगळ्यांना भजी घालायची असं ठरलं होतं.

पुस्तक मात्र पार खिळखिळं झालेलं. शेवटची पानं तर शिवणीतून सुटून नुसती आत ठेवलेली. आणि त्यातच वाचनालयाच्या पोपटराव आप्पांनी बजावलं होतं. आप्पा तसे माणूस प्रेमळ, पण पुस्तकाच्या बाबतीत सासऱ्यासारखे. मागं एक पुस्तक हळदीचा अंगठा घेऊन परत गेलं होतं, तेव्हा त्यांनी चष्मा काढून अकिलाकडं बघितलं होतं. त्या दिवशी सकाळी तर बोलूनच दाखवलं.

"अकिलाबाई, एका नावावर एकच पुस्तक असा नियम आहे. तुम्ही तिघींसाठी नेता म्हणून मी दोन-दोन देतो. उद्या दुपारी हे टेबलावर पाहिजे, तपासणी आहे. आणि एक पान जरी कमी आलं तर तुमचं वाचन बंद. मग मला भजीसुद्धा आणू नका."

तिघींचं वाचन आपल्या एका नावावर टांगलेलं आहे हे अकिलाला पक्कं माहीत होतं.

तर त्या दुपारी गोधडी संपत आली होती. आक्कांची रीत अशी, की कडेकडेनं शिवत आत यायचं आणि मधोमध एक चौकोनी तुकडा लावायचा. तो तुकडा म्हणजे गोधडीचं पोट. त्याच्या तीन बाजू शिवायच्या आणि चौथी उघडी ठेवायची, खिशासारखी. सगळी गोधडी पुरी झाली की त्या खिशात चपातीचा एक घास ठेवायचा आणि मग चौथी बाजू शिवून टाकायची. गोधडी जेवली, की ती पांघरणाराही कुठं उपाशी राहत नाही. पोट एकदा शिवलं की पुन्हा उसवायचं नाही. उसवलं तर पांघरणाऱ्याला परमुलखात पोटभर मिळत नाही. आक्कांच्या सासूनं त्यांना असं सांगितलेलं, आणि तिच्या सासूनं तिला.

या गोधडीचं पोट सनाच्या शाळेतल्या पहिल्या फ्रॉकचं होतं, निळ्या ठिपक्यांचं.

अकिला शेवटून दुसरं प्रकरण वाचत होती. नदीला पूर, पुलाचं उद्घाटन दुसऱ्या दिवसावर, पलीकडच्या तीरावर अडलेलं एक आजारी पोर, आणि गिरिजा होडी सोडते. तेवढ्यात वारा आला आणि सुटी पानं उडाली. अकिलानं झडप घालून ती गोळा केली. दगड जवळ नव्हता, सगळे दगड गोधडीच्या कोपऱ्यांवर होते. एका हातात पुस्तक, दुसऱ्यात पानं. ठेवायची कुठं? समोर निळ्या ठिपक्यांचा खिसा उघडा होता. तिनं पानं त्यात सरकवली, वरून थोपटलं, आणि पुढं वाचू लागली.

"...आणि पोराला घेऊन परतताना मधल्या धारेत दोर तुटला," तिनं वाचलं, आणि दारात फिरोजची गाडी थांबली.

"चहा मिळंल का सातभाई?"

"गप रे मेल्या!" आक्का ओरडल्या. "दोर तुटलाय हितं!"

पण पहिल्या पाळीचा माणूस पहाटे घर सोडतो, त्याला कसं थांबवणार? अकिला उठली. "चहा टाकते आन् आलेच. शेवटचं प्रकरण चहा पिऊन."

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा गोधडीची घडी घालून झाली होती. वरती निळे ठिपके, चारी बाजूंनी बंद.

"झालं बघ," आक्का पदरानं कपाळ पुसत म्हणाल्या. "जेवायला घातलं, पोट मिटवलं. दोर तुटल्यावर माझा हात असा चालला की सांगायची सोय न्हाई. आता वाच पटकन. बुडाली का?"

अकिलानं पुस्तक उघडलं. प्रकरण संपत होतं तिथं पुस्तकही संपत होतं. पुढं खाकी पुठ्ठा. तिनं गोधडीकडं पाहिलं. कपातला चहा बशीत आला.

"काय गं?" नीलमनं विचारलं.

"डोळं दुखाया लागलं," अकिला म्हणाली. "वाऱ्यानं. उद्या वाचू."

"उद्या?" आक्कांनी असा सूर लावला जसं कुणी ताटावरून उठवलंय. "ती बाई रातभर धारेत ऱ्हाऊ दे म्हण की मग."

त्या दोघी गेल्यावर अकिलानं घडी छातीशी धरून हळूच दाबली. आतून खसखस आवाज आला.

तिनं फिरोजला सांगितलं. फिरोज आधी पोट धरून हसला, मग बायकोचा चेहरा पाहून थांबला.

"उसव की मग. चार टाके तर हायेत."

"आक्का म्हणत्यात पोट उसवलं की पांघरणाऱ्याला परक्या गावात पोटभर मिळत न्हाई. उद्या पोर चाललीय, आन् मी आजच तिच्या पोटाला कात्री लावू?"

"तू मानतीस का ते?"

"मानत न्हाई," अकिला म्हणाली. "पण सनाच्या बाबतीत कशाला उगं."

फिरोजनं यावर विचार केला. तो कंपनीत मशीन न उघडता बिघाड शोधणारा माणूस. त्यानं गोधडी दोरीवर टाकली, मावळतीच्या उन्हासमोर पोट ताणून धरलं आणि मागून मोबाईलची बॅटरीही लावली.

"दिसतंय," तो म्हणाला. "थांब. 'आणि'. एक 'आणि' दिसतोय."

"आणि काय?"

"पुढं चपाती हाय."

सना ओट्यावर बॅग भरत होती, तिला हसून हसून ठसका लागला. "अम्मी, मला पोटभर मिळंल गं, तिथं मेस हाय! उसव तू."

पण अकिलानं गोधडी घडी करून बॅगेवर ठेवली. आप्पांना काय सांगायचं ते ती मनातल्या मनात जुळवू लागली. पान हरवलं म्हणावं, तर वाचन बंद. पान सापडलं म्हणावं, तर कुठंय ते दाखवा. दोन्हीकडून तेच. वाईट तिला स्वतःपुरतं वाटत नव्हतं, तिनं कुठूनही काहीतरी मिळवून वाचलंच असतं. पण आक्का? दुपारी त्या कडुनिंबाखाली बसून कुणाची वाट बघणार?

सकाळी पाबळला जाण्यासाठी फिरोजनं भावाची पिकअप आणली होती. चौफुल्यावरून न्हावरा, तिथून शिक्रापूर, मग पाबळ. चपात्या, अंड्याची भाजी, लोणच्याची बाटली बांधून झाली. आणि सूर्य कडुनिंबावर यायच्या आत आक्का हजर. मागून नीलम.

"पोरीला वाटंला लावायला आले," आक्का म्हणाल्या. "आन् आलेच हाय तर ते शेवटचं वाच. गाडी निघायला येळ हाय." असं म्हणून त्या ओट्यावर टेकल्या. टेकल्या त्या नेमक्या गोधडीवर.

खसखस.

आक्का स्तब्ध झाल्या. पुन्हा जरा हलल्या. पुन्हा खसखस.

"अकिला, ही गोधडी का कुरकुरती? पापड भरलास का काय?"

अकिलानं फिरोजकडं पाहिलं. फिरोज पिकअपचा टायर तपासू लागला, जो अगदी चांगला होता. मग तिनं सगळं सांगून टाकलं. वारा, पानं, दगड नव्हता ते, खिसा, चहा.

"तरीच," आक्का हळूच म्हणाल्या. "मेली सुई जड जात व्हती. मला वाटलं वय झालं."

नीलम तोंडाला पदर लावून भिंतीकडं वळली होती आणि तिचे खांदे हलत होते.

"हस, हस," आक्का म्हणाल्या. "तू काय करत व्हतीस तवा?"

"मी बुलबुल बघत व्हते, आत्या."

कुंपणाजवळ सातभाई उतरले आणि त्यांनी आपलं भांडण सुरू केलं. अकिला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का. तुमची रीत मोडायची न्हाई. आप्पांना मी सांगते काय ते. लय तर पुस्तक देणार न्हाईत."

"देणार न्हाईत म्हंजी?"

"म्हंजी आपलं वाचन बंद."

आक्कांनी खालची गोधडी ओढून मांडीवर घेतली आणि चाचपली. निळ्या ठिपक्यांवरून त्यांचा अंगठा फिरला. खाली अक्षरं होती, अगदी अंगठ्याखाली. आत बाई धारेत होती, दोर तुटलेला.

"बुडाली का गं ती?" त्यांनी विचारलं.

"मला न्हाई ठावं, आक्का. मी पण वाचलं न्हाई."

"तू पुढचं आधी वाचून ठेवत न्हाईस?"

"तुमच्याबरोबरच वाचते."

हे आक्कांना माहीत नव्हतं. त्यांनी अकिलाकडं जरा निराळ्या नजरेनं पाहिलं. मग घसा साफ केला, जसा पंचायतीत निकाल देणारा माणूस करतो.

"हे बघ. घास खाऊन कुणाचं पोट दुखाया लागलं, तर आपण काय म्हणतो? खाल्लंय ते ऱ्हाऊ द्या म्हणतो का? न्हाई. औशिद देतो, पोट साफ करतो, आन् पुन्हा मऊ भात घालतो. ही गोधडी रातभर कुरकुरली. तिला कागद पचंना. मग काढलाच पायजे."

"आत्या, हे तुमच्या सासूबाईंनी सांगितलंय?" नीलमनं विचारलं.

"त्यांच्या येळंला कुणी गोधडीला पुस्तक खायला घातलं नव्हतं!" आक्का कडाडल्या. "पण एक. जिनं भरवलं, तिनंच उसवायचं आन् तिनंच शिवायचं. सुई घे, अकिला."

"मी? आक्का, माझा टाका..."

"उंटाचा हाय. ठावं हाय मला. घे."

अकिलानं सुई घेतली. टाके उसवले, दोरा ओढून काढला, खिशात दोन बोटं घातली. पानं बाहेर आली, थोडी चुरगळलेली, आणि एका कोपऱ्यात सुईच्या भोकांची एक सरळ बारीक रांग. मागोमाग कालचा चपातीचा घास. नीलमनं तो परळाशेजारी ठेवला आणि उसवलेला दोरा मेंदीवर अडकवला. पांढराच होता.

"आता वाचणार कोण?" सनानं विचारलं. "अम्मी तर शिवणार."

"तू हायस की," आक्का म्हणाल्या. "तुझीच गोधडी, तूच वाच. मोठ्यानं."

सनानं डब्यातल्या ताज्या चपातीचा घास मोडून आईच्या हातावर ठेवला. अकिलानं तो खिशात सरकवला, मनात बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला टाका घातला. सना ओट्याच्या खांबाला टेकून वाचू लागली. तिचा आवाज आईसारखा नव्हता. ती आवाज बदलत नसे, सरळ वाचत जाई. पण नदी ऐकू येत होती.

गिरिजानं वल्हं सोडलं नाही, पण धारेशी भांडणं सोडलं. होडी पुलाच्या अर्धवट खांबांमधून गेली. तीरावर साहेब हाका मारत धावत होता. ती वाकली, पोराला छातीशी धरलं...

"पुढं!" आक्का म्हणाल्या.

...आणि नदी नेईल तिकडं गेली. सकाळी होडी खूप खालच्या अंगाला एका गावाच्या घाटाला लागली. तिथं पूल नव्हता. पोराला गावातल्या वैद्याकडं पोचवून ती परत आली, तर घाटावर एक म्हातारा गाठोडं घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, बाई, पलीकडं सोडता का? गिरिजानं नदीकडं पाहिलं आणि म्हणाली, बसा.

सनानं पान मिटलं.

"झालं?" नीलम म्हणाली. "आन् लग्न?"

"न्हाई केलं," आक्का खुशीत म्हणाल्या. "शाबास. भजी घाल."

"तुम्ही पण हरला की आत्या! तुमच्या मतानं बुडायची व्हती."

"जरा बुडालीच की मधी."

अकिला खाली पाहत होती. चौथी बाजू शिवून झाली होती. सुरुवातीचे दोन-तीन टाके चांगले बारीक होते. मग होडी खांबांमधून जाऊ लागली तिथून टाके जे लांबले ते लांबलेच. शेवटचा तर बोटभर. आक्का वाकल्या, टाका पाहिला. तोंड उघडलं. मग मिटून घेतलं आणि त्यांनी गाठ मारायला दोरा दातानं तोडून दिला.

पिकअप निघाली. सना मागं वळून हात हलवत होती आणि गोधडी तिच्या मांडीवर होती. धूळ बसेपर्यंत तिघी रस्त्यावर उभ्या होत्या. अकिलाचे डोळे खरंच दुखत होते, या वेळी वाऱ्यानं नव्हे. आक्कांनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, "चल, आप्पाचं पुस्तक जायचंय ना? ती पानं अशीच सुटी देणार का?"

मग कडुनिंबाखाली अकिलानं दुसरं शिवणकाम केलं. जाड सुई, गोधडीचाच दुहेरी दोरा. सुटी पानं एकावर एक जुळवून तिनं ती पुस्तकाच्या पाठीला शिवली. इथं मोठा टाकाच लागत होता. बारीक घातला तर जुना कागद फाटत होता. आक्का शेजारी बसून बघत होत्या आणि त्यांना काहीच सुधारायला मिळेना, याचं त्यांना थोडं वाईट वाटलं.

दुपारी वाचनालयात आप्पांनी पानं एकेक करून उलटली. शेवटापर्यंत आले. भोकांच्या रांगेवर त्यांनी बोट फिरवलं.

"ही वाळवी का?"

"न्हाई आप्पा. टाके हायत."

"पुस्तकाला टाके?"

"लांबडी गोष्ट हाय. पण पान एक बी कमी न्हाई."

आप्पांनी पुस्तकाची पाठ वाकवून पाहिली. पक्की होती. मग त्यांनी टेबलाखालून आणखी दोन पुस्तकं काढली, तीही खिळखिळी, आणि तिच्यापुढं सरकवली. "ही वाचा. आणि वाचून झाली की अशीच शिवून आणा." जरा थांबून म्हणाले, "भजी आणली तरी चालतील."

भजी संध्याकाळी झाली. नीलमनं तळली. आप्पांची पुडी बांधून बाजूला ठेवली होती, आणि घरभर तळणाचा वास असताना सनाचा फोन आला. अकिलानं तो स्पीकरवर टाकला. खोली बरी आहे, मेसमध्ये पिठलं होतं आणि दोनदा वाढलं, उद्यापासून वर्कशॉप. मग ती म्हणाली, "अम्मी, गोधडी अंगावर घेऊन बघितली. मधी एक टाका हाय, त्यात माझ्या पायाचा अंगठाच अडकतोय."

"अग बाई! कापून टाक तो, दुसरा घाल."

"कशाला? असू दे."

आक्कांनी भजीचा घास गालात सरकवला आणि फोनकडं वाकून ओरडल्या, "सना! ती उंटाची जागा हाय. तू आपला पाय बाजूला घे!"